एनसीसीचे 'सी' प्रमाणपत्र: नावनोंदणीपासून परीक्षेपर्यंत काय, केव्हा आणि कोणत्या क्रमाने करावे

दरवर्षी एनसीसीच्या (राष्ट्रीय छात्र सेनेच्या) 'सी' प्रमाणपत्राची, म्हणजे 'बी'नंतरच्या वरच्या प्रमाणपत्राची, परीक्षा तोंडावर आली की तिसऱ्या वर्षाच्या काही कॅडेटना परीक्षेला बसता येणार नाही असे सांगावे लागते. त्यांतील बहुतेकांची कवायत चांगली असते, फायरिंग चांगले असते, लेखी तयारीही झालेली असते. पण कुणाचे दुसरे शिबिर झालेले नसते, कुणाची हजेरी थोडक्यात कमी पडते, तर कुणाच्या 'बी' प्रमाणपत्रावरचे नाव सध्याच्या नोंदीशी जुळत नाही. यांपैकी एकही गोष्ट परीक्षेच्या महिन्यात दुरुस्त होत नाही, आणि जवळजवळ प्रत्येक गोष्ट पहिल्या वर्षी दहा मिनिटांत टाळता आली असती. महाविद्यालयातील एनसीसी कंपनीचे काम अनेक वर्षे पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की हे प्रमाणपत्र परीक्षेच्या मैदानावर क्वचित हुकते आणि नोंदवहीत वारंवार हुकते. म्हणून हा लेख कॅलेंडरच्या क्रमाने लिहिला आहे. तो मुख्यतः आर्मी विंगच्या सीनियर डिव्हिजन (मुले) व सीनियर विंगच्या (मुली) कॅडेटसाठी आहे. नेव्हल आणि एअर विंगमध्ये विशेष विषय वेगळे असतात, परंतु कामाचा क्रम हाच राहतो.

## आधी अटी, मग तयारी

'सी' परीक्षेला बसण्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी पूर्ण असाव्या लागतात. पहिली म्हणजे हातात 'बी' प्रमाणपत्र असणे. दुसरी म्हणजे अभ्यासक्रमात ठरवून दिलेल्या तासिकांपैकी किमान ७५ टक्के तासिकांना हजेरी. तिसरी म्हणजे शिबिरे: 'बी'साठी एक आणि 'सी'साठी एकूण दोन, ज्यांपैकी एक वार्षिक प्रशिक्षण शिबिर आणि दुसरे पुन्हा तेच किंवा राष्ट्रीय एकात्मता, प्रजासत्ताक दिन शिबिर, सैन्यदलाशी संलग्न शिबिर अशा मान्य प्रकारांतील असू शकते.

या तिन्ही अटी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. 'बी' दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस आणि 'सी' तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस होते, त्यामुळे पहिल्या वर्षी शिबिर टाळणाऱ्या कॅडेटला दुसऱ्या वर्षी ते करावेच लागते आणि तिसऱ्या वर्षी, म्हणजे पदवीच्या सर्वांत अवघड वर्षी, आणखी एक करावे लागते. पहिल्या वर्षी शिबिर उरकणाऱ्याच्या हाती मात्र एक संपूर्ण वर्ष राखीव राहते. आजारपण, घरची अडचण किंवा परीक्षेच्या तारखांची टक्कर यांसाठी हे राखीव वर्ष लागतेच.

तपासणी: तीन वर्षांचा एक साधा तक्ता करा: शैक्षणिक वर्ष, अपेक्षित शिबिर, अपेक्षित परीक्षा. तो वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा आणि तुमच्या एएनओंना (महाविद्यालयातील एनसीसीची जबाबदारी असलेल्या प्राध्यापक-अधिकाऱ्यांना) एकदा दाखवून घ्या.

## टप्पा १: नावनोंदणीच्या आधीची कागदपत्रे

नावनोंदणी साधारणपणे महाविद्यालय सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत होते आणि जागा मोजक्याच असतात, कारण तिसऱ्या वर्षाची तुकडी बाहेर पडते तेवढ्याच जागा रिकाम्या होतात. पदवीच्या पहिल्याच वर्षी नाव नोंदवणे आवश्यक आहे. दुसऱ्या वर्षी आलेल्या विद्यार्थ्याची तीन वर्षे पदवीच्या काळात बसत नाहीत आणि पुढे पदव्युत्तर शिक्षण एनसीसी असलेल्या महाविद्यालयात घेतले नाही तर तो 'बी'वरच थांबतो. हे प्रवेशाच्या वेळी फारसे कुणी सांगत नाही, आणि नंतर कळले की फार वाईट वाटते.

कागदपत्रे गोळा करण्यापूर्वी एकच काम करा: दहावीची गुणपत्रिका, आधार कार्ड, महाविद्यालयाचे ओळखपत्र आणि बँक खाते या चारही ठिकाणी तुमचे नाव अक्षरशः सारखे आहे का ते पाहा. मराठी घरांत नाव लिहिण्याच्या पद्धती दोन आहेत, आडनाव आधी की शेवटी, आणि वडिलांचे नाव कुठे पूर्ण तर कुठे आद्याक्षराने. रोमन लिपीतील स्पेलिंगमध्येही एका कागदावर एक अक्षर जास्त आणि दुसऱ्यावर कमी असते. एनसीसीची नोंद आता ऑनलाइन प्रणालीत एकदाच होते आणि तीच पुढे शिबिराच्या यादीत, परीक्षेच्या नॉमिनल रोलमध्ये (परीक्षार्थींच्या नामावलीत) आणि प्रमाणपत्रावर जाते. गणवेशाचा भत्ताही थेट कॅडेटच्या बँक खात्यात जमा होतो, त्यामुळे खाते तुमच्याच नावाचे आणि चालू असले पाहिजे. वडिलांच्या किंवा भावाच्या खात्याचा क्रमांक देऊ नका.

आमच्या कंपनीतील एका मुलीच्या नावात नोंदणीच्या वेळी एक अक्षर चुकले होते. ते तिसऱ्या वर्षी प्रमाणपत्र हाती आल्यावर लक्षात आले. दुरुस्तीचा अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि बटालियनच्या (महाविद्यालयाची कंपनी ज्याच्याखाली येते त्या एनसीसी कार्यालयाच्या) फेऱ्या यांत तिचे कित्येक महिने गेले आणि दरम्यान तिला ज्या भरतीसाठी प्रमाणपत्र हवे होते तिची मुदत संपली. तो अर्ज मीच तपासला होता. तेव्हापासून मी प्रत्येक अर्ज कॅडेटला मोठ्याने वाचायला लावतो.

शारीरिक चाचणीची तयारी नावनोंदणीच्या किमान सहा आठवडे आधी सुरू करावी. बहुतेक ठिकाणी १६०० मीटर धावणे, पुशअप्स आणि सिटअप्स असतात, काही ठिकाणी छोटी लेखी परीक्षा आणि मुलाखतही असते. पहिल्याच दिवशी पूर्ण अंतर जोरात धावू नका. पहिले दोन आठवडे चालणे आणि हळू धावणे आलटून पालटून करा, नंतर सलग अंतर, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत वेळेवर लक्ष द्या.

इशारा: दमा, जुने फ्रॅक्चर, फिट येणे किंवा कोणतीही ॲलर्जी लपवू नका. एनसीसीत त्यावर मार्ग निघू शकतो. भर उन्हात परेडच्या मैदानावर कळले तर निघत नाही.

## टप्पा २: पहिला महिना, गणवेश आणि बूट

नव्या कॅडेटची पहिली चूक अशी की तो गणवेश मिळाल्याच्या दिवशी परेडला नवे बूट घालतो. डीएमएस (जाड तळव्याच्या लष्करी) बुटांचे कातडे कडक असते आणि दोन तासांत टाचेवर फोड येतात. बूट मिळाल्यावर दोन आठवडे रोज तासभर घरातच जाड मोज्यांसह घाला, चाला, जिने चढा-उतरा. फोड आलाच तर तो फोडू नका. स्वच्छ करून पट्टी लावा आणि उस्तादांना (कवायत शिकवणाऱ्या लष्करी प्रशिक्षकांना) सांगा.

बेरे (गणवेशाची लोकरी टोपी) कोमट पाण्यात भिजवून, पिळून, डोक्यावर घालून आकार द्यावी लागते. बॅज डाव्या डोळ्याच्या वर येतो, कापड उजवीकडे ओढून कानाकडे सपाट बसते आणि मागची दोरी बाहेर लोंबत नाही. हॅकल (पिसांचा तुरा) बॅजच्या मागे ताठ उभा राहिला पाहिजे. हे एकदा नीट जमले की पुन्हा करावे लागत नाही, मात्र बेरे सॅकमध्ये चुरगाळून ठेवली तर सगळे पुन्हा करावे लागते. नावाची पट्टी उजव्या खिशाच्या वर असते. बेल्टचे पितळ ब्रासोने आणि बूट पॉलिशने चमकवणे हे परेडच्या आदल्या रात्रीचे काम आहे, सकाळचे नाही. मुलांचे केस बारीक आणि मुलींचा अंबाडा जाळीसह, घट्ट. हे पहिल्या परेडपासून.

तपासणी: परेडच्या आदल्या रात्री या क्रमाने पाहा: बूट, मोजे, पँटची इस्त्री, बेल्ट, शर्टाची बटणे, नावाची पट्टी, खांद्यावरील टायटल, बेरे, हॅकल. पायापासून डोक्यापर्यंत गेले की काही सुटत नाही.

## टप्पा ३: हजेरीचा हिशेब स्वतः ठेवा

हजेरी दिवसांवर मोजली जात नाही, ती तासिकांवर मोजली जाते, आणि बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. एका परेडच्या दिवशी अनेक तासिका असतात. फॉल-इनला (सुरुवातीच्या रांगेत) उभे राहून अर्ध्यातून प्रॅक्टिकलला निघून गेलेला कॅडेट आपण हजर होतो असे समजतो, पण त्याच्या निम्म्याच तासिका लागतात. समजा वर्षात १२० तासिका झाल्या, तर ७५ टक्के म्हणजे ९०. तुमच्या हातात ३० तासिकांची मोकळीक आहे. दर शनिवारी शेवटची एक तासिका सोडणाऱ्याची ही मोकळीक एकही पूर्ण दिवस न चुकवता संपते.

म्हणून वहीत तीन रकाने आखा: तारीख, झालेल्या तासिका, माझ्या तासिका. दर महिन्याच्या शेवटी कंपनीच्या रजिस्टरशी तो आकडा ताडून पाहा. रजिस्टरमधील चूक त्याच महिन्यात दाखवली तर ती दुरुस्त होते. वर्षअखेरीस दाखवली तर ती कुणाला आठवतही नाही, आणि एएनओंनी केवळ तुमच्या शब्दावर नोंद बदलावी अशी अपेक्षा करणे त्यांच्यावर अन्याय आहे.

अभ्यासाशी टक्कर टाळण्याचा उपाय एकच आहे, तो म्हणजे आधी बोलणे. सत्राच्या सुरुवातीला वेळापत्रक लागताच प्रॅक्टिकलची बॅच परेडच्या दिवशी येते का ते पाहा आणि येत असेल तर पहिल्याच आठवड्यात विभागप्रमुखांना भेटून बॅच बदलून मागा. सत्राच्या मध्यावर तीच विनंती केली तर ती सबब वाटते.

इशारा: अकरावी-बारावीत कनिष्ठ महाविद्यालयातून सीनियर डिव्हिजनला नाव नोंदवून 'बी' पूर्ण केलेले अनेक जण पदवीसाठी महाविद्यालय बदलतात. नव्या महाविद्यालयात एनसीसी आहे का, आणि त्याच विंगची आहे का, हे प्रवेश घेण्याआधी विचारा. जुन्या बटालियनकडून बदलीची कागदपत्रे, हजेरीचा दाखला आणि शिबिराचा दाखला हे तिन्ही घेऊनच बाहेर पडा. नंतर पत्रव्यवहाराने ते मिळवताना अख्खे सत्र जाते.

## टप्पा ४: कवायतीचा पाया

कवायतीचे आदेश हिंदीत असतात आणि त्यांचे दोन भाग असतात: आधी सावध करणारा शब्द, मग कृतीचा. 'दाहिने' ऐकून हलायचे नाही, 'मुड़' ऐकून हलायचे. पहिल्या वर्षीच्या निम्म्या चुका पहिल्या शब्दावरच शरीर हलल्यामुळे होतात.

शिकण्याचा क्रम बदलू नका. आधी सावधान आणि विश्राम, मग उभ्या जागी वळणे, मग सलामी, मग तेज चल आणि थम, त्यानंतर चालताना वळणे, आणि सर्वांत शेवटी शस्त्रासह कवायत. सावधानमध्ये टाचा जुळलेल्या आणि पंजांमध्ये ३० अंशांचा कोन असतो. विश्राममध्ये पायांतील अंतर १२ इंच. हे आकडे परीक्षेत विचारले जातात म्हणून पाठ करू नका, घरी फरशीवर खडूने आखून त्यावर उभे राहा. आठवडाभरात पाय आपोआप तिथे जातो.

वळताना 'एक, दो-तीन, एक' ही गणती मोठ्याने म्हणून सराव करतात. यातील 'दो-तीन' हा थांबण्याचा काळ आहे आणि घाईत नेमका तोच गिळला जातो. परिणामी तुकडीतले दहा पाय दहा वेळा आपटतात. एकट्याने सराव करताना हा विराम मुद्दाम लांबवा. सलामीत दोन दोष सर्रास दिसतात: हात वर नेण्याऐवजी मान हाताकडे झुकते, आणि कोपर पुढे येते. आरशासमोर बाजूने उभे राहिलात तर दोन्ही लगेच दिसतात. तेज चालीचा वेग मिनिटाला १२० पावले असतो. मोबाइलमधील मेट्रोनोम त्या वेगावर लावून मोकळ्या जागेत चाललात तर लय अंगात बसते.

आणखी एका गोष्टीकडे पहिल्या वर्षापासून लक्ष द्यावे. 'सी'च्या वेळी तुम्हाला तुकडी हाताळायची असते, म्हणजे आदेश देणे आणि चूक ओळखून सुधारणे. आवाज घशातून काढला तर पाच मिनिटांत बसतो. पोटातून, सावध शब्द लांबवून आणि कृतीचा शब्द तोडून द्यायला शिका, आणि कोणता आदेश कोणता पाय टेकताना द्यायचा हे उस्तादांकडून समजून घ्या. चालत्या तुकडीला चुकीच्या पायावर 'थम' दिले तर चूक तुकडीची दिसते, पण ती आदेश देणाऱ्याची असते.

## टप्पा ५: पहिले शिबिर

वार्षिक प्रशिक्षण शिबिर साधारण दहा दिवसांचे असते. त्याची तयारी दोन भागांत करा, महाविद्यालयातली आणि सामानाची.

महाविद्यालयातली तयारी आधी, कारण तिला वेळ लागतो. तारखा कळताच प्राचार्यांच्या सहीचे परवानगीपत्र तयार करून प्रत्येक विषयशिक्षकाला त्याची प्रत द्या, त्या दहा दिवसांत येणारी अंतर्गत परीक्षा किंवा सादरीकरण आधी किंवा नंतर घेता येईल का ते विचारा, आणि जर्नल शिबिरापूर्वी तपासून घ्या. शिबिराहून परत आल्यावर अंग इतके दुखत असते की साचलेले काम पुढचे दोन आठवडे तसेच पडून राहते. पालकांचे संमतिपत्र आणि वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला मूळ प्रतींसह द्या आणि स्वतःजवळ छायाप्रती ठेवा.

सामानात लोक दोन टोके गाठतात: काही जण घर उचलून आणतात, काही जण ताट-मगसुद्धा विसरतात. लागते ते इतके: गणवेशाचे दोन जोड, पीटीचे कपडे आणि पांढरे बूट, चार जोड मोजे, अंथरूण-पांघरूण, मच्छरदाणी, ताट, वाटी, मग, पाण्याची बाटली, टॉर्च, कुलूप, सुई-दोरा, पॉलिशचे साहित्य, आणि नियमित औषधे चिठ्ठीसह. प्रत्येक वस्तूवर नाव आणि रेजिमेंटल नंबर (तुमचा एनसीसी नोंदणी क्रमांक) लिहा, विशेषतः ताटावर आणि बेरेच्या आतील बाजूस. एका रांगेत शंभर सारख्या बेरे असतात.

पहिल्या तीन दिवसांत बहुतेकांना घरी परत जावेसे वाटते. पहाटे उठणे, रांगा, ऊन, अनोळखी माणसे आणि कमी झोप, सगळे एकदम येते. तिसऱ्या दिवसानंतर शरीर वेळापत्रकाला रुळते, हे आधीच ठाऊक असले तर ते दिवस निभावतात. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता प्या, सकाळी काही खाल्ल्याशिवाय परेडला उभे राहू नका, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली तर ताठ उभे राहण्याचा हट्ट न करता लगेच खाली बसा. रांगेत कोसळल्याने हनुवटी फुटलेली मुले मी पाहिली आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकाला कोसळण्याआधी अर्धा मिनिट कळले होते. एखादा ज्येष्ठ कॅडेट शिक्षेच्या नावाखाली त्रास देत असेल तर ते शिस्तीचा भाग समजून सोसू नका; एएनओ किंवा कॅम्प कमांडंट यांच्यापर्यंत त्याच दिवशी पोहोचवा.

तपासणी: शिबिर संपताना दोन गोष्टी पाहून निघा. शिबिराच्या यादीत तुमचे नाव आणि रेजिमेंटल नंबर बरोबर आहे का, आणि तुम्ही शेवटच्या दिवसापर्यंत हजर असल्याची नोंद झाली आहे का. लग्नासाठी किंवा परीक्षेसाठी मध्येच घरी गेलेल्याचे शिबिर धरले जाईल असे गृहीत धरू नका.

## टप्पा ६: 'बी' परीक्षा गांभीर्याने घ्या

'बी'कडे बहुतेक कॅडेट सरावाची परीक्षा म्हणून पाहतात. वास्तविक 'बी' हुकले तर 'सी'चे दार बंद होते. शिवाय कवायत, शस्त्र प्रशिक्षण, नकाशावाचन, फील्डक्राफ्ट (मैदानात लपणे, सरकणे, अंतर ओळखणे), प्रथमोपचार, आपत्ती व्यवस्थापन आणि नेतृत्व हे विषय दोन्हींकडे येतात, फक्त खोली वाढते. 'बी'च्या वेळी केलेल्या टिपणांच्या जोरावर 'सी'चा निम्मा अभ्यास होतो, तेव्हा ती टिपणे सुट्या कागदांवर न करता एकाच जाड वहीत करा. प्रत्येक पेपरात स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते, त्यामुळे मैदानावर उत्तम असलेल्याने लेखीकडे आणि लेखीत हुशार असलेल्याने मैदानाकडे दुर्लक्ष करू नये.

## टप्पा ७: तिसरे वर्ष, शस्त्र आणि नकाशा

तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात दुसऱ्या शिबिराची तारीख पक्की करा. प्रजासत्ताक दिन शिबिर किंवा थल सैनिक शिबिर यांच्या निवडीत उतरायचे असेल तर आधी घरी आणि विभागात मोकळेपणाने बोला. बटालियन, मग ग्रुप (अनेक बटालियनचे मुख्यालय), मग महाराष्ट्र संचालनालय अशा निवडफेऱ्यांतून जाताना एकामागून एक शिबिरे होतात, आणि जानेवारीत दिल्लीला पोहोचणाऱ्या कॅडेटचे जवळपास एक सत्र वर्गाबाहेर जाते. ही तयारी दुसऱ्या वर्षी केलेली बरी, असे माझे स्पष्ट मत आहे.

शस्त्रांत .२२ रायफलचे फायरिंग हा मुख्य प्रत्यक्ष भाग असतो. उस्ताद तीन गोष्टी सांगतात: मजबूत पकड, दुरुस्त शिस्त (म्हणजे नेम), दुरुस्त ट्रिगर. नवशिके शिस्त घेण्यातच सगळे लक्ष घालतात आणि शेवटच्या क्षणी ट्रिगर झटक्याने ओढतात, त्यामुळे गोळ्या विखुरतात. आधी ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या खुणांचा घोळका, लहान करण्याकडे लक्ष द्या, तो लक्ष्याच्या मध्यापासून बाजूला पडला तरी चालेल. एका जागी पडणाऱ्या गोळ्या शिस्त बदलून मध्यावर आणता येतात, विखुरलेल्या गोळ्यांचे काही करता येत नाही. श्वास अर्धा सोडून थांबवा, ट्रिगर हळूहळू दाबत न्या आणि गोळी सुटल्यावरही क्षणभर नजर तशीच ठेवा.

इशारा: रायफल हातात घेतल्यावर पहिले काम तपासणीचे. रिकामी आहे असे कुणी सांगितले तरी स्वतः तपासा. नळीचे तोंड नेहमी लक्ष्याच्या दिशेने, आणि फायर करण्याच्या क्षणापर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. रेंजवर गोळी सुटली नाही तर रायफल वळवून दाखवू नका. ती लक्ष्याकडेच ठेवून हात वर करा.

नकाशावाचन हा गुण मिळवण्याचा सर्वांत खात्रीचा आणि सर्वांत दुर्लक्षित विषय आहे. ग्रिड रेफरन्स (नकाशावरील चौकटींच्या आकड्यांनी दिलेले ठिकाण) देताना आधी पूर्वेकडे वाढत जाणारे आकडे, मग उत्तरेकडे वाढत जाणारे. उलटे लिहिले तर उत्तर पूर्ण चुकते. १:५०,००० च्या नकाशावर २ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर. चार आकडी रेफरन्स एक किलोमीटरचा चौकोन दाखवतो आणि सहा आकडी रेफरन्स त्यातील शंभर मीटरपर्यंत नेतो. बॅक बेअरिंग (बेअरिंग म्हणजे उत्तरेपासून मोजलेला दिशेचा कोन, बॅक म्हणजे उलट दिशेचा) काढताना बेअरिंग १८० पेक्षा कमी असेल तर १८० मिळवा, जास्त असेल तर वजा करा. चुंबकीय आणि ग्रिड उत्तरेतील फरक मिळवायचा की वजा करायचा हे पाठ करू नका; दर वेळी तिन्ही उत्तर दिशांची (खरी, ग्रिड आणि चुंबकीय) छोटी आकृती काढा, प्रश्नाचे उत्तर आकृतीतच दिसते. कंपास वापरताना मोबाइल, बेल्टचे बक्कल आणि रायफल दूर ठेवा. अंतराच्या अंदाजाचा सराव रस्त्याने जाताना होतो: विजेच्या खांबापर्यंतचे अंतर आधी मनाशी ठरवा आणि मग पावलांनी मोजा.

## टप्पा ८: परीक्षेपूर्वीचे आठ आठवडे

पहिले दोन आठवडे फक्त कागदांना द्या. 'बी' प्रमाणपत्राची मूळ प्रत, दोन्ही शिबिरांच्या नोंदी, तिन्ही वर्षांची हजेरी आणि नॉमिनल रोलमधील नाव हे सर्व याच वेळी पाहून घ्या, कारण यादी बटालियनकडून पुढे गेली की बदल अवघड होतो. पुढचे चार आठवडे दिवसाआड लेखी आणि मैदान असा सराव करा. तिघा-चौघांचा गट करून एकाने तुकडी चालवावी, बाकीच्यांनी तिच्यात उभे राहून चुका सांगाव्यात आणि मग भूमिका बदलाव्यात. शेवटच्या दोन आठवड्यांत नवे काहीही न वाचता जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवा.

लेखी उत्तरांत कॅडेट लांबलचक निबंध लिहितात. परीक्षकाला क्रम हवा असतो: व्याख्या, मग पायऱ्या, मग आकृती. सेक्शनची (पायदळाच्या छोट्या तुकडीची) रचना, रायफलचे भाग, ग्रिडचा चौकोन यांच्या आकृत्या पेन्सिलीने नावे घालून काढा. प्रात्यक्षिकात चूक झाली तर थांबून माफी मागू नका. 'जैसे थे' म्हणून तीच कृती नव्याने करा.

## टप्पा ९: निकालानंतर

प्रमाणपत्र हाती येताच बटालियनच्या कार्यालयातून बाहेर पडण्याआधी नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, रेजिमेंटल नंबर, विंग, श्रेणी आणि वर्ष वाचून घ्या. श्रेणीला विशेष महत्त्व आहे. एनसीसी स्पेशल एंट्रीतून, म्हणजे कॅडेटना लष्करात अधिकारी होण्यासाठी असलेल्या वेगळ्या भरतीतून, चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग ॲकॅडमीसाठी अर्ज करताना 'सी' प्रमाणपत्रात किमान 'बी' श्रेणी, पदवीला ५० टक्के गुण आणि १९ ते २५ वर्षांदरम्यान वय लागते. त्या मार्गाने लेखी परीक्षा न देता थेट सर्व्हिस सिलेक्शन बोर्डाच्या पाच दिवसांच्या मुलाखतीपर्यंत पोहोचता येते. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांनाही आधीच्या वर्षांच्या गुणांवर अर्ज करता येतो, पण तेव्हा पदवीची टक्केवारी ५० च्या खाली गेलेली असेल तर उत्तम श्रेणीचे 'सी' असूनही अर्ज भरता येत नाही. म्हणून तिसऱ्या वर्षी परेडसाठी व्याख्याने सोडण्याचा मोह झाला की हा आकडा तपासा.

गणवेश आणि दिलेले सामान परत करून त्याची पोच घ्या, कारण ती नसेल तर महाविद्यालयाचा ना-हरकत दाखला अडतो. प्रमाणपत्राच्या तीन साक्षांकित प्रती काढा, एक स्कॅन प्रत ईमेलमध्ये ठेवा, आणि मूळ प्रत लॅमिनेट करू नका; पडताळणीच्या वेळी कागद आणि शिक्का हाताने तपासायचा असतो.